उघडलेले दार

कल्याणजवळील मोहन्यास रस्त्याकडेचे एक साधे उपाहारगृह पुन्हा उघडले, ही काय लिहिण्याजोगी गोष्ट, असे वाचक विचारतील. परंतु ज्या गावाने मोठे दार कायमचे मिटलेले पाहिले, त्यासच लहान दाराची किंमत कळते. नॅशनल रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला, आणि पाळी सुटताच बाकांवर उसळणारी गर्दी ओसरली. तरी चूल पेटत राहिली. मार्च २०२० मध्ये साथीने तीही विझविली. ५ ऑक्टोबरपासून सरकारने निम्म्या आसनांनिशी परवानगी दिली, तेव्हा आम्ही आवर्जून गेलो.

मिसळ पूर्वीसारखीच झणझणीत होती. पण आमचे लक्ष चवीकडे नव्हते. जुने कामगार दूरदूर बसून मोठ्याने एकमेकांची खुशाली विचारीत होते. जे आले नव्हते, त्यांचीही चौकशी होत होती. घरी चहा मिळत नाही म्हणून कोणी येथे येत नाही. आपण चार दिवस दिसलो नाही, तर कोणी तरी विचारील, एवढ्या भरवशासाठी मनुष्य येतो. कारखान्याबरोबर पगार गेला. ही विचारपूस तेवढी गावाकडे उरली आहे.