ओळखीशिवाय खातं नाही

वीस वर्षं मी अकोल्याच्या एका बँकेत चेकवरच्या सह्या ताडून पाहतो आहे. सहीची शेपटी जरा वाकडी दिसली की चेक परत! तेव्हा नमुना समोर असला की जगातली कुठलीही वस्तू आपण ओळखू, असा मला माज होता. गेल्या श्रावणात तो चिखलदऱ्याच्या चढावर उतरला.

अमरावतीच्या मेव्हण्यानं अळंब्यांचं एक विलायती सचित्र पुस्तक बरोबर घेतलं होतं. त्यात 'बोलीट' माझ्या मनात भरलं. पावासारखी गुबगुबीत टोपी अन् टोपीखाली पडद्यांऐवजी स्पंजासारखी छिद्रं. मुक्कामाच्या बंगल्यामागं सागाखाली पांढऱ्या छत्र्या दिसताच मी ओरडलो, "सापडलं!" उलटून पाहिलं, तर खाली पडदेच पडदे.

मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, बोलीट ओक, पाइन, साल असल्या झाडांच्या मुळांशी भागीदारी करतं. सागाशी त्याचं जमत नाही."

म्हणजे सही तर चुकलीच, शाखाही चुकली!

पण जिभेला पाणी सुटलं होतं. "चांदीचं नाणं टाकून शिजवू. काळं पडलं तर विषारी."

"अन् नाई पडलं तं?" सौ.नं विचारलं.

पुस्तकानंही तिचीच बाजू घेतली. चांदीची परीक्षा खोटी. 'डेथ कॅप'चं विष शिजवून जात नाही. उलट्या सुरू व्हायलाच सहा ते बारा तास लागतात, मग मधेच बरं वाटतं, आणि तोवर यकृताचा निकाल लागत आलेला असतो. म्हणजे चेक वटल्यावर कळणार की सही खोटी होती!

परतताना परतवाड्याच्या बाजारात एक कोरकू बाई टेकोड्यांचे वाटे लावून बसली होती. तिला मी माझी छत्री दाखवली.

"हे आमी नाई खात."

"विषारी आहे?"

"ओयखीचं नाई." मग तिनं स्वतःचं टेकोडं उचललं. देठाला खाली लांबलचक शेपटी होती. "हे आमच्या वारुयावरचं. जागा माय दाखवून गेली."

पूर्वी बँकेत खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागे, सही त्यानंतर. वीस वर्षं त्याच बँकेत बसून मी हे विसरलो होतो. माझी छत्री फेकली आणि एक वाटा घेतला.

रात्री पोरं भाजी चाटूनपुसून जेवली आणि झोपली. दुपारी त्यांच्या ताटात मी काय वाढणार होतो, ते मला मात्र झोपू देईना. बाईवर पूर्ण भरवसा होता. तरी तीनदा उठून पोरांचा श्वास पाहिला.

सौ. कूस बदलून म्हणाली, "झोपा आता. टॅली झालं."