शरभ मोठा की गंडभेरुंड?

१/ कल्पनारम्य कादंबऱ्यांतील अचाट पशूंची झुंज लावून ‘कोण जिंकेल’ असा वाद घालणे हा आजच्या तरुण वाचकांचा आवडता खेळ. हाच खेळ आपल्या पुराणकारांनी आणि शिल्पकारांनी शेकडो वर्षांपूर्वी मांडला होता. त्याविषयी हा धागा.

२/ प्रारंभ नृसिंहापासून. माणूस वा पशू यांपैकी कोणीही मारू शकणार नाही, असा वर मिळालेल्या हिरण्यकशिपूला अर्धा माणूस, अर्धा सिंह अशा देवाने फाडले. वेरूळच्या १५ क्रमांकाच्या लेण्यात हा प्रसंग कोरलेला आहे. आमच्या लातूर जिल्ह्यातील खरोसा लेण्यांतही नृसिंह आहे.

३/ पुढची पायरी शैवांची. लिंगपुराण व शिवपुराण सांगतात की, दैत्यवधानंतरही नृसिंहाचा क्रोध शमेना; तेव्हा शिवाने सिंहाचे अंग आणि पक्ष्याचे पंख असलेला शरभ होऊन त्याला आवरले.

४/ वैष्णव गप्प बसले नाहीत. त्यांच्या कथेत नृसिंह दोन मुखांचा पक्षी, म्हणजे गंडभेरुंड झाला आणि त्याने शरभालाच नमवले.

५/ बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरात (इ. स. १११७) ही उतरंड एकाच शिल्पात दिसते. हरणाला अजगर, अजगराला हत्ती, हत्तीला सिंह, सिंहाला शरभ आणि शरभाला गंडभेरुंड! मंदिर विष्णूचे, मग शेवटचा विजेता दुसरा कोण असणार?

६/ राजसत्तेलाही ही भाषा भावली. आमचा मुलूख ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता, त्यांच्याच काळात, १०४७ मध्ये, बळ्ळिगावे येथे गंडभेरुंडाचा स्तंभ उभा राहिला. जंजिऱ्याच्या महाद्वारी हत्तींना पंजांत धरलेला पशू आहे. येणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे.

७/ आमचे कुलदैवत पोखर्णीचा नृसिंह. शरभाची कथा लहानपणी प्रथम ऐकली ती चाकूरच्या आमच्या लिंगायत शेजाऱ्यांच्या ओसरीवर. आपला देव हरला, हे मनाला फार लागले. गंडभेरुंडाची कथा पुढे वाचनात आली, तेव्हा मात्र उट्टे काढावेसे वाटले नाही. त्याच ओसरीवर दर श्रावणात आम्ही जेवत आलो होतो.

८/ महाभारताच्या शांतिपर्वात एका कुत्र्याची गोष्ट आहे. भ्यालेल्या कुत्र्याला ऋषीने क्रमाने चित्ता, वाघ, हत्ती, सिंह आणि अखेर आठ पायांचा शरभ केले. शरभ होताच तो ऋषीलाच खायला निघाला आणि पुन्हा कुत्रा झाला.

९/ मला या साऱ्या उतरंडीत ही गोष्ट सर्वांत खरी वाटते. दगडातल्या झुंजीचा निकाल शिल्पाचा खर्च कोणी दिला यावर ठरतो. शरभ आणि गंडभेरुंड लढले ते ग्रंथांत आणि भिंतींवर. आमच्या दोन घरांमधली भिंत मात्र कंबरेइतकीच राहिली, आणि तिच्यावरून नैवेद्याची ताटे आजही ये-जा करतात.