थकबाकीदार भाऊसाहेब

तहसील कार्यालयात पस्तीस वर्षं काढली, शेवटची आठ अव्वल कारकून म्हणून. थकबाकीदारांच्या याद्या किती केल्या याचा हिशोब नाही. लोक यायचे, टेबलासमोर उभे राहायचे आणि एकच वाक्य बोलायचे, "भाऊसाहेब, आम्हाला कुणी सांगितलंच नाही." माझं उत्तर ठरलेलं. "नियम माहीत नसणं ही सबब होत नाही."

गेल्या महिन्यात त्या टेबलाच्या पलीकडे मी उभा होतो. आयकर थकला होता, ३६,८६० रुपये.

माझी जन्मतारीख १ जून. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची हीच आहे, शाळेत गुरुजींनी लावलेली. त्यामुळे ३१ मे २०२३ ला ५८ पूर्ण होऊन निवृत्त झालो. वर्षभर घरी बसलो, मग एप्रिल २०२४ पासून एका खासगी संस्थेच्या कार्यालयात काम धरलं. महिना ३० हजार. पेन्शन महागाई भत्त्यासह ४२ हजार. दोन्ही पैसे महिन्याच्या महिन्याला खात्यात येत होते, कुठेच काही कापलं जात नव्हतं. मला वाटलं, कापत नाहीत म्हणजे बसत नसेल. पस्तीस वर्षं कार्यालयानेच कर कापला होता, त्यामुळे कर ही आपोआप होणारी गोष्ट आहे अशी सवयच लागलेली.

जुलैमध्ये मुलीने रिटर्न भरायला घेतलं. संगणकाकडे बघत म्हणाली, "बाबा, तुमचं जरा जास्तच निघतंय."

हिशोब मांडतो, कारण खरी गंमत त्यातच आहे.

२०२४-२५ मध्ये पेन्शन ५,०४,०००. कोषागाराने त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट दिली, उरले ४,२९,०००. नव्या करप्रणालीत त्या वर्षी ७ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला कलम ८७ए ची पूर्ण सूट होती. कर शून्य. कोषागार बरोबर.

पगार ३,६०,०००. संस्थेनेही ७५ हजारांची वजावट दिली, उरले २,८५,०००. तीन लाखांच्या आत. कर शून्य. संस्थाही बरोबर.

पण आयकर माणसावर लागतो, पगारपत्रकावर नाही. पेन्शन आणि पगार दोन्ही कायद्याने 'पगार'च, आणि वजावट एकदाच. दोन्ही मिळून ८,६४,०००, त्यात एफडीचं व्याज ३६,०००. एकूण ९ लाख. वजा ७५ हजार, राहिले ८,२५,०००. सात लाखांची रेषा ओलांडली की ती सूट गेली. मग तीन ते सात लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, वरच्या सव्वा लाखावर १० टक्क्यांनी १२,५००, आणि ४ टक्के सेस १,३००. झाले ३३,८००. जुन्या प्रणालीत घालून पाहिलं, तर तिथे याहून जास्त निघत होतं.

त्यावर व्याज. कर कापून झाल्यावर १० हजार किंवा जास्त देणं राहत असेल तर वर्षभरात चार हप्त्यांत आगाऊ कर भरावा लागतो: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. धंद्या-व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या ६० वर्षांवरच्यांना यातून माफी आहे. म्हणजे सरकारने मला ५८ व्या वर्षी म्हातारा ठरवून घरी पाठवलं, पण आयकराच्या लेखी मी त्या वर्षी अजून तरुणच होतो. २३४बी खाली १,३५२ आणि २३४सी खाली १,७०३ रुपये व्याज लागलं.

संस्थेच्या अकाउंटंटला विचारलं, "तुम्ही का नाही कापला?" तो बिचारा शांतपणे म्हणाला, "काका, तुम्हाला पेन्शन किती हे आम्हाला कसं कळणार? तुम्ही १२बी फॉर्म दिला होता का?"

नव्हता दिला. असा फॉर्म असतो हेच माहीत नव्हतं. दुसरीकडून मिळणारा पगार किंवा पेन्शन त्यावर लिहून दिली की मालक सगळं एकत्र धरून कर कापतो. रुजू होताना दिला असता तर महिन्याला साधारण २,५०० रुपये कापले गेले असते, आणि मला जाणवलंही नसतं.

मग ओळखीतल्या एकाने एक 'सल्लागार' गाठून दिला. तो म्हणाला, "साहेब, जुन्या पद्धतीत टाकू. घरभाडं दाखवू, राजकीय पक्षाला देणगी दाखवू. शून्य करून देतो, माझे तीन हजार." खोटं कशाला बोलू, एक रात्र विचार केला. हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी एफडी बाजूला ठेवलेली, त्यातलीच एक मोडावी लागणार होती. पण याच जुलैमध्ये आयकर विभागाने अशा बोगस वजावटींवरून देशभर दीडशे ठिकाणी कारवाई केली. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड आहे. आणि दंडाचं सोडा. आयुष्यभर लोकांना जे करू दिलं नाही, ते साठीला स्वतः करायचं?

ही म्हणाली, "अहो, कर आपलाच होता ना? मग भरा. गुडघा दिवाळीनंतर बघू."

एफडी मोडली, पैसे भरले, रिटर्न गेलं.

आता राग कशाचा ते सांगतो. कराचा नाही. ३३,८०० माझ्याकडून येणंच होते. राग याचा की कोषागाराकडे माझा पॅन होता, संस्थेकडे तोच पॅन, बँकेकडे तोच. वर्ष संपल्यावर विभागाच्या एआयएसमध्ये सगळं एका पानावर हजर. मग वर्ष चालू असताना एक एसएमएस का नाही? "आपल्याला दोन ठिकाणांहून पगार मिळतो, कर कमी कापला जात आहे," एवढंच. रिटर्न भरा म्हणून तर ढिगाने मेसेज येतात.

ब्रिटनमध्ये करखातं प्रत्येक नोकरीला आणि पेन्शनला वेगळा टॅक्स कोड देतं. करमुक्त रक्कम एकीकडे वापरून झाली की दुसऱ्या उत्पन्नावर सहसा पहिल्या पौंडापासूनच कर कापतात. चुका तिथेही होतात, थकबाकीची पत्रं तिथल्या पेन्शनरांनाही येतात. पण मुळात दोन उत्पन्नांचा मेळ घालायचं काम तिथे खातं स्वतःकडे घेतं. आपल्याकडे ते एकट्या माणसावर, आणि तेही न सांगता.

कुणी म्हणेल, आता १२ लाखांपर्यंत कर नाही, प्रश्न मिटला. माझ्यापुरता मिटला, एवढ्याच उत्पन्नावर या वर्षी मला शून्य. पण खड्डा बुजलेला नाही, पुढे सरकलाय आणि खोल झालाय. समजा पेन्शन ८ लाख, नवी नोकरी ६ लाखांची. दोघेही आपापल्या जागी शून्य कापणार. एकत्र १४ लाख, वजावट जाऊन १३,२५,०००, आणि कर सेससह ८१,९०० रुपये. तो एकदम समोर येणार पुढच्या जुलैत. पतीची फॅमिली पेन्शन आणि स्वतःचा पगार असलेल्या बायकांचंही हेच होतं, कारण फॅमिली पेन्शन 'इतर उत्पन्ना'त जाते आणि त्यावर टीडीएस कापतच नाहीत.

म्हणून निवृत्तीनंतर काम करणाऱ्यांनो, एवढं करा. रुजू होतानाच पेन्शनचा आकडा नव्या मालकाला लेखी द्या, त्यासाठीचा फॉर्म मागून घ्या. पेन्शन, पगार, व्याज यांची बेरीज डिसेंबरमध्ये एकदा स्वतः करा, म्हणजे निदान मार्चचा हप्ता तरी हातात राहतो. आणि 'शून्य करून देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

माझ्या टेबलासमोर उभे राहिलेले चेहरे हल्ली आठवतात. त्यातले काही खरंच बुडवे होते. पण बाकीच्यांना खरोखरच कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं.

ओळखीत कुणी निवृत्त होऊन पुन्हा कामाला लागलं असेल तर त्यांच्यापर्यंत हे पोचवा. त्यांना तरी कुणीतरी सांगितलं असं होऊ द्या.