कीबोर्डवरचे माऊसबटण

माऊसचे बटण संगणकाला दोन वेगळे संदेश पाठवते. बोट खाली गेले की एक जातो, बोट उचलले की दुसरा. या दोहोंमध्ये किती वेळ गेला आणि तेवढ्या वेळात पडद्यावरचा बाण हलला की नाही, यावरून क्लिक आणि ड्रॅग यांतला फरक ठरतो. लॅपटॉपच्या कीबोर्डवरील एखाद्या कळीकडे बटणाचे काम सोपवायचे असेल, तर तिनेही दाबताना पहिला आणि सोडताना दुसरा संदेश पाठवला पाहिजे. बहुतेक तयार उपायांत कळ दाबताक्षणी दोन्ही संदेश लागोपाठ सुटतात. तेवढ्याने लिंक उघडते, मेनू येतो. पण ओढणे, फिरवणे, मजकूर निवडणे यांतले काहीच जमत नाही. या विषयातला बराचसा मनस्ताप इथूनच सुरू होतो.

डाव्या आणि उजव्या बटणाची सोय लॅपटॉपवर कशीबशी होते. खरी अडचण मधल्या बटणाची, म्हणजे चाक दाबल्यावर लागणाऱ्या बटणाची असते. ब्राउझरमध्ये त्याने लिंक नव्या टॅबमध्ये उघडते आणि टॅबवर दाबले तर तो बंद होतो, हे उपयोग किरकोळ आहेत. ऑटोकॅडमध्ये मात्र चाक दाबून धरूनच ड्रॉइंग सरकवतात आणि दोनदा दाबून संपूर्ण ड्रॉइंग पडद्यात बसवतात. सॉलिडवर्क्स, ब्लेंडर आणि स्केचअपमध्ये त्रिमित वस्तू फिरवण्याचे काम याच बटणाकडे असते. कारखान्यासाठी सुट्या भागांचे ड्रॉइंग काढणारा असो किंवा अभियांत्रिकीचा विद्यार्थी, घरी किंवा खोलीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला की दोघांनाही हे बटण हवे असते. वेगळा माऊस जोडणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. पण माऊसला सपाट जागा लागते, आणि ती नेहमीच हाताशी नसते. मनगटाच्या दुखण्यामुळे किंवा अपंगत्वामुळे ज्यांना बटण दाबणेच जड जाते, त्यांच्यासाठी तर कीबोर्डवरचे बटण ही गरजच असते.

बटणे किती असावीत याबद्दल संगणक बनवणाऱ्यांचे कधीच एकमत नव्हते. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जे प्रात्यक्षिक दाखवले, त्यातल्या माऊसला तीन बटणे होती. झेरॉक्सच्या १९७३ च्या ‘आल्टो’ संगणकालाही तीनच. ॲपलने १९८४ मध्ये मॅकिंटॉश आणला तेव्हा नवशिक्याचा गोंधळ होऊ नये म्हणून एकच बटण ठेवले. त्याच वर्षी एमआयटीमध्ये सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीने तीन बटणे गृहीत धरली आणि निवडलेला मजकूर चिकटवण्याचे काम मधल्या बटणाला दिले. लिनक्सवर ही पद्धत आजही टिकून आहे. लॅपटॉपवर जागा अपुरी, त्यामुळे तिथे मधले बटण सर्वांत आधी गेले. थिंकपॅडसारख्या मोजक्या यंत्रांनी तीन खरी बटणे जपली. ॲपलने २००८ च्या अखेरीस काचेचा टचपॅड आणून वेगळे बटणच काढून टाकले आणि पुढे इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. आज बहुतेक लॅपटॉपवर संपूर्ण टचपॅड हेच एक बटण असते आणि बोट कोठे टेकले किंवा किती बोटे टेकली यावरून ते डावे की उजवे हे सॉफ्टवेअर ठरवते.

विंडोजच्या टचपॅड सेटिंगमध्ये तीन बोटांच्या टकटकीला मधल्या बटणाचे काम देता येते. टॅब उघडण्यासाठी ते पुरेसे आहे. पण टकटक म्हणजे दाबणे आणि सोडणे एका झटक्यात. तीन बोटे टेकवून ठेवली तरी बटण दाबलेले राहत नाही, त्यामुळे ऑटोकॅडचे ड्रॉइंग सरकत नाही. लिनक्सवर डावे आणि उजवे बटण एकदम दाबले तर मधले मानण्याची जुनी सोय आहे, पण तिला दोन वेगळी बटणे लागतात. ब्लेंडरने स्वतःच्या प्राधान्यांमध्ये एक पर्याय ठेवला आहे: ऑल्ट धरून डावे बटण दाबले की ते मधले समजले जाते. तो चांगला चालतो, कारण त्यात दाबणे आणि सोडणे वेगळे राहते. एकच सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने आधी त्याच्या सेटिंगमध्ये असा पर्याय आहे का ते पाहावे. मग पुढचा खटाटोप वाचतो.

विंडोजमध्ये मुळातच असलेली सोय म्हणजे माऊस कीज. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस केंद्रात अपंग वापरकर्त्यांसाठी जे काम झाले, त्यातून ही सोय आली आणि विंडोज ९५ पासून ती प्रणालीचाच भाग आहे. डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबले की ती चालू होते. मग नमपॅडवरचे अंक बाण हलवतात आणि ५ क्लिक करतो. ते क्लिक कोणत्या बटणाचे, हे आधी ठरवावे लागते: भागाकाराच्या चिन्हाने डावे, वजाच्या चिन्हाने उजवे, गुणाकाराच्या चिन्हाने दोन्ही एकदम. अधिकच्या चिन्हाने डबलक्लिक होते. सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट म्हणजे ० आणि दशांशचिन्ह. ० दाबले की बटण दाबलेले राहते आणि दशांशचिन्हाने सुटते. दोन संदेश दोन कळींना वाटून दिल्यामुळे ज्याला कळ धरून ठेवणे शक्य नाही त्यालाही ओढण्याचे काम करता येते. या सोयीच्या दोन मर्यादा आहेत. मधले बटण तिच्यात नाही, आणि अनेक लहान लॅपटॉपवर नमपॅडच नसतो. यूएसबीचा सुटा नमपॅड जोडून दुसरी अडचण सुटते, पहिली तशीच राहते.

म्हणून विंडोजवर मधल्या बटणासाठी ऑटोहॉटकी हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. त्याच्या स्क्रिप्टमध्ये एकच ओळ लागते: आधी कळीचे नाव, मग लागोपाठ दोन अपूर्णविराम, मग बटणाचे नाव. ही ओळ साधी दिसली तरी ती योग्य तेच करते. कळ खाली गेली की बटण खाली, कळ सुटली की बटण सुटते. कळ धरून ठेवली की कीबोर्ड तेच अक्षर पुन्हा पुन्हा पाठवू लागतो. बटणाच्या बाबतीत ही पुनरावृत्ती घातक ठरली असती, पण बटण आधीच दाबलेले आहे का हे सॉफ्टवेअर स्वतः तपासते. याउलट ‘कळ दाबली की क्लिक पाठव’ अशी आज्ञा लिहिली तर कळ धरताच क्लिकची रांग लागते. दोन्ही प्रकार लिहायला सारखेच सोपे आहेत, म्हणून निवड डोळसपणे करावी.

लिनक्सवर जुन्या एक्स प्रणालीत कळीला थेट ‘दुसरे बटण’ हा अर्थ देता येतो. तिथे बटणांना क्रमांक असतात: डावे १, मधले २, उजवे ३, आणि चाक वर-खाली फिरवणे म्हणजे ४ आणि ५. एक्समॉडमॅप या साधनाने कळीचा अर्थ बदलायचा आणि एक्सकेबीसेटने माऊस कीज चालू करायचे, एवढ्याने दाबणे-सोडणे बिनचूक होते. एक्सडूटूलने क्लिक पाठवण्याचा मार्ग अधिक प्रचलित आहे, पण तो टकटकीसारखा आहे. शिवाय शॉर्टकटमध्ये कंट्रोल किंवा ऑल्ट असेल तर क्लिक पोहोचते तेव्हा ती कळ अजून दाबलेलीच असते. मग साध्या क्लिकऐवजी कंट्रोल-क्लिक होते आणि दोष कुठे आहे ते लवकर कळत नाही. धरलेल्या कळी तात्पुरत्या सोडवण्याचा पर्याय एक्सडूटूलमध्ये आहे, तो आज्ञेत जोडावा. नव्या वेलँड प्रणालीवर ही एक्सची साधने पूर्वीसारखी चालत नाहीत. तिथे कीबोर्डची मांडणी लागू होण्याच्या आधीच काम करणारे कीडीसारखे साधन लागते आणि ते बसवायला प्रशासकाचे अधिकार हवेत.

मॅकवर कंट्रोल धरून क्लिक केले की उजवे क्लिक होते. सेटिंगमध्ये परवानगी दिली असेल तर ऑप्शन पाच वेळा दाबून माऊस कीज सुरू होतात आणि नमपॅड नसला तरी अक्षरांच्या कळींवर चालतात. मधल्या बटणासाठी कॅराबिनर-एलिमेंट्स हे सॉफ्टवेअर आहे.

कोणती कळ द्यायची हा प्रश्न साधनाच्या निवडीपेक्षा महत्त्वाचा आहे, आणि मराठी लिहिणाऱ्यासाठी तो आणखी नाजूक आहे. परदेशी मार्गदर्शिका सर्रास कंट्रोल, ऑल्ट आणि एखादे अक्षर अशी जोडी सुचवतात. मराठीच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत रोमन एमच्या जागी ‘स’ असतो, सीच्या जागी ‘म’ आणि डीच्या जागी हलन्त. विंडोज शॉर्टकट ओळखताना कळीचा मूळ क्रमांक पाहते, त्यामुळे मराठी चालू असतानाही कॉपी-पेस्ट चालते. एक्स प्रणालीतली अनेक साधने मात्र कळीतून निघणारे चिन्ह पाहतात. ‘एम’ला बांधलेला शॉर्टकट मराठी मांडणी लागताच मुका होतो, कारण आता त्या कळीतून ‘स’ निघतो. इंग्रजीत चालते आणि मराठीत चालत नाही अशी तक्रार असेल तर बहुधा कारण हेच असते. शॉर्टकट कळीच्या चिन्हाऐवजी तिच्या क्रमांकाला बांधला की ती मिटते.

उजवा ऑल्टही टाळावा. विंडोजच्या इंग्रजी (भारत) मांडणीत तो आणि ४ मिळून रुपयाचे चिन्ह उमटते. २०१० मध्ये स्वीकारलेल्या त्या चिन्हाची गरज हिशेब ठेवणाऱ्याला रोज पडते. अशा मांडणीत विंडोज उजव्या ऑल्टला कंट्रोल अधिक ऑल्ट समजते, म्हणून कंट्रोल-ऑल्टच्या जोड्याही धोक्याच्या. डावा ऑल्ट आणि शिफ्ट ही जोडी मराठी-इंग्रजी अदलाबदलीसाठी वापरात असते, तिला हात लावू नये. छपाई आणि डीटीपीच्या कामात आयएसएम किंवा श्रीलिपीसारखे सॉफ्टवेअर असेल तर भाषा बदलण्याचे काम एखाद्या लॉक कळीकडे दिलेले असू शकते. ते आधी पाहून घ्यावे. जुन्या फॉन्टमध्ये काही जोडाक्षरे ऑल्ट धरून नमपॅडवर चार अंक देऊन काढतात. माऊस कीज चालू असताना नमपॅड बाण हलवू लागतो, त्यामुळे असे काम करणाऱ्याने ही सोय नम लॉकच्या स्थितीशी जोडून ठेवावी आणि गरजेपुरतीच चालू करावी.

टचपॅडची स्वतःचीही एक खोड आहे. टाइप करताना तळहाताचा स्पर्श होऊन बाण उडू नये म्हणून तो कळ दाबल्यावर क्षणभर बंद राहतो. बटणाचे काम अक्षराच्या कळीकडे दिले तर ती दाबताच टचपॅड झोपतो आणि ओढण्याचे काम सुरूच होत नाही. लिनक्सवर टचपॅड सांभाळणाऱ्या लिबइनपुटमध्ये हा नियम फक्त लेखनाच्या कळींना लागू आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि वरची एफ रांग त्यातून वगळली आहे. विंडोजमध्ये टचपॅडची संवेदनशीलता सर्वाधिक ठेवली की ही अडचण कमी होते.

या सर्व गोष्टी ध्यानात घेता उरतात त्या लेखनात भाग न घेणाऱ्या कळी: एफ रांग, मेनूची कळ, उजवा कंट्रोल आणि कॅप्स लॉक. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने केवळ मराठी लिहिणाऱ्याचा कॅप्स लॉक जवळपास रिकामाच असतो आणि तो डाव्या करंगळीखाली येतो. उजव्या हाताने टचपॅड चालवणाऱ्यासाठी मधल्या बटणाला याहून चांगली जागा नाही. उजव्या क्लिकसाठी मेनूची कळ विंडोजमध्ये आधीपासूनच आहे आणि ती नसेल तर शिफ्ट व एफ १० ने तेच काम होते. मात्र या दोन्हींनी मेनू निवडलेल्या वस्तूचा उघडतो, बाणाखालच्या वस्तूचा नव्हे. ड्रॉइंग करणाऱ्याला बाणाखालचा मेनू हवा असतो, म्हणून त्याने तिथे खरे उजवे बटण बसवावे. २०२४ पासून काही नव्या लॅपटॉपवर मेनू किंवा उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलटची कळ आली आहे. खरेदीच्या वेळी हे पाहावे. एफ रांग निवडली तर एफएन लॉक चालू करावे, नाहीतर बटणाऐवजी आवाज किंवा पडद्याचा उजेड बदलतो.

मांडणी झाल्यावर तपासणी ड्रॅगनेच करावी. डावे बटण असेल तर मजकूर ओढून निवडता आला, मधले असेल तर ड्रॉइंग धरून सरकवता आले आणि कळ सोडताच ते जागीच थांबले, तर दोन्ही संदेश नीट जात आहेत. हीच तपासणी मराठी मांडणी लावून पुन्हा करावी. ऑटोहॉटकीची स्क्रिप्ट विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवली की लॉगइननंतर आपोआप सुरू होते. लॉगइनच्या पडद्यावर ती चालत नाही, म्हणून जो पूर्णपणे कीबोर्डवर अवलंबून आहे त्याने माऊस कीजची सवय सोडू नये. प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या खिडकीतही साध्या अधिकाराने चालणारी स्क्रिप्ट पोहोचत नाही. कळ दाबलेली असताना अशी खिडकी मध्येच आली तर सोडल्याचा संदेश हरवतो आणि बटण दाबलेलेच राहते. बाण जाईल तिथे सगळे ओढले जाते. अशा वेळी खिडकी बंद करून तीच कळ एकदा दाबून सोडावी, म्हणजे बटण मोकळे होते.