मसादाचं पाणी

मसादाच्या गडाची चढण समुद्रसपाटीच्या खालूनच सुरू होते. पाठीशी मृत समुद्र, निळाशार पण घोटभरही पिता न येणारा; समोर ज्यूदियाच्या वाळवंटातला सरळसोट कडा. उन्हं चढली की दगड भाजायला लागतो, म्हणून सर्पवाट नावाच्या पायवाटेला लोक झुंजुमुंजू व्हायच्या आतच लागतात. वाटेत झाडाची सावली नाही. सोबतीला काळ्या मैना. उडाल्या की पंखांत नारिंगी झळकतं.

माथ्यावर बहुतेकांची पावलं हेरोद राजाच्या महालाकडे वळतात. उत्तरेच्या कड्यावर तो तीन टप्प्यांत उतरला आहे. मी आधी टाकं गाठलं. सह्याद्रीचे गड चढणाऱ्याला ती सवयच असते. दक्षिण टोकाचं हे टाकं इतकं खोल, की आत उतरायला खडकात पायऱ्या आहेत. आत गारवा आणि भिंतीवर जुना गिलावा, अजून धरून राहिलेला.

पाऊस इथे नावालाच. एखादवेळी ओढ्यांना लोंढा येतो. हेरोदाच्या कारागिरांनी तो बांध घालून अडवला आणि चरांतून कड्याच्या पोटातल्या बारा टाक्यांत वळवला. सुमारे ४०,००० घनमीटर, म्हणजे चार कोटी लिटर पाणी त्यांत मावे. तिथून माणसं आणि जनावरं ते माथ्यावर वाहून आणत.

पुढे रोमविरुद्ध उठलेली बंडखोर कुटुंबं याच पाण्याच्या भरवशावर इथे राहिली. इ. स. ७३-७४च्या सुमारास रोमन सेनापती फ्लाव्हियस सिल्वाच्या सैन्याने वेढा घातला. त्या सैन्याच्या छावण्यांचे चौकोन वरून आजही स्पष्ट दिसतात. पश्चिमेला दगडमातीचा उतार रचून रोमन सैनिक तटाला भिडले. गुलामी नको म्हणून ९६० जणांनी मरण पत्करलं, असं इतिहासकार जोसेफस लिहितो. अभ्यासकांत त्यावर वाद आहेत. त्याच्याच सांगण्याप्रमाणे दोन बायका आणि पाच मुलं वाचली. ती भुयारी पाणवाटेत लपली होती.

१९६३ ते १९६५च्या उत्खननात इथे खजुराच्या बिया सापडल्या, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या. २००५मध्ये त्यातली एक भिजवून लावली आणि तिला कोंब फुटला.

मसादा म्हटलं की सगळ्यांना ते मरण आठवतं. ज्यांनी लोंढा अडवला, टाकी कोरली, गिलावा घोटला, कड्यावरून पाणी वाहिलं, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. या गडाची गोष्ट सांगताना आधी त्यांची आठवण काढावी, तलवारींची नंतर.