जमेची बाजू

सिलतऱ्यात नोटासुद्धा काळ्या पडतात. स्पंज आयर्नच्या कारखान्यांची बारीक काजळी इथे दारातल्या तुळशीवर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, महामार्गापलीकडच्या धानाच्या लोंब्यांवर बसते, तशीच ती दानाच्या थैलीतल्या दहा-वीसच्या नोटांवरही असते. रविवारची उपासना संपून लोक चहाकडे वळले की मी आणि मंडळीतली एक ताई टेबलाशी मोजणीला बसतो. नाणी वेगळी, नोटा वेगळ्या, पाकिटं वेगळी. पाकिटावर कोणी ‘आजारी लोकांसाठी’ असं लिहिलेलं असलं तर ते पैसे त्याच रकान्यात जातात, दुसरीकडे नाही. एकट्याने कधी मोजायचं नाही. न मोजलेली थैली कोणी घरी न्यायची नाही. आकडा वहीत चढून दोघांच्या सह्या झाल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. उठतो तेव्हा दोघांच्याही बोटांची टोकं काळी झालेली असतात.

मी मूळचा नगर जिल्ह्यातला. पोटापाण्यासाठी इकडे आलो आणि एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागलो. तिथेही काम हेच: काय आलं, काय गेलं, शिल्लक काय. म्हणूनच मंडळीने खजिनदारकी माझ्याकडे दिली असणार. आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे. रायपूर-बिलासपूर महामार्गालगतच्या या औद्योगिक पट्ट्यात ओडिशा, झारखंड, जांजगीर, महासमुंदकडून कामाला आलेली माणसं, आणि आम्ही गोंदिया, नागपूर, नगरकडची मोजकी मराठी घरं. उपासना हिंदीत होते, प्रार्थना ज्याच्या त्याच्या तोंडच्या भाषेत. मराठी गीतं आम्ही घरी म्हणतो.

देवावर भरवसा ठेवून सेवा करणं आणि हिशेब ठेवणं ही दोन वेगळ्या स्वभावाच्या माणसांची कामं आहेत, असं पुष्कळांना वाटतं. पाळकाने विश्वास ठेवावा, खजिनदाराने काळजी करावी, अशी वाटणी मी अनेक मंडळ्यांत पाहिली आहे. मला ती मान्य नाही. भरवसा म्हणजे काय ते मला जेवढं वहीने शिकवलं तेवढं कुठल्या प्रवचनाने शिकवलेलं नाही. पाच भाकरींची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण मार्काच्या शुभवर्तमानात प्रभू आधी शिष्यांना विचारतो, तुमच्याजवळ किती आहेत, जाऊन पाहा. ते जातात, पाहतात, येऊन सांगतात. पाच भाकरी, दोन मासे. अंदाज नाही, मोघम नाही. आशीर्वाद त्यानंतर येतो. आणि सगळे जेवल्यावर उरलेले तुकडे गोळा होतात, टोपल्या मोजल्या जातात, बारा भरतात. चमत्काराच्या आधी मोजणी, नंतरही मोजणी. मला या गोष्टीत ते मोजणारे शिष्य फार जवळचे वाटतात. समोर हजारोंचा जमाव असताना ‘पाच’ हा आकडा तोंडाने उच्चारायला धीर लागतो.

तो धीर आम्हाला दरवर्षी एकदा तरी लागतो. स्पंज आयर्नची भट्टी म्हणजे आडवा, संथ फिरणारा, आतून विटांचं अस्तर असलेला लांबलचक लोखंडी नळा. एका टोकाने लोहखनिज आणि कोळसा आत जातो, दुसऱ्या टोकाने लोखंड बाहेर येतं. काही महिने सलग चालली की आत थर जमतात, अस्तर झिजतं, मग भट्टी थंड करून दुरुस्तीला घ्यावी लागते. बाजारात लोखंडाचा भाव पडलेला असला तर बंद भट्टी लवकर पेटत नाही. पगारी माणसाला त्याची झळ कमी लागते. ठेका मजुराचं तसं नसतं. हजेरी नाही तर पैसे नाहीत, आणि किराणा दुकानदार दोन आठवड्यांनी उधारी बंद करतो. आमच्या मंडळीतली बहुतेक घरं ठेक्यावरची. त्यामुळे ज्या महिन्यात मदतीची गरज सर्वांत जास्त, नेमकं त्याच महिन्यात दान सर्वांत कमी. देणारे आणि घेणारे वेगळे असते तर गोष्ट सोपी होती. इथे गेल्या महिन्यात ज्याने पाकीट टाकलं त्याच्याच घरी या महिन्यात तांदूळ पोचवायचे असतात.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात, आणि पुतळ्यातल्या नव्हे, हिशेबाच्या वहीवर वाकलेल्या. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या. आमचा हा रायपूरचा भागही त्या वेळी मध्य प्रांतातच होता. उपाशी, निराधार मुलींना त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणलं, तीनशेच्या आसपास. त्यांच्या कामाला अमेरिकेतून रमाबाई असोसिएशनचा आधार होता, पण तो दहा वर्षांच्या कराराचा, आणि ती मुदत १८९८ मध्ये संपणार होती. तीनशे पोटं वाढवण्याची ही वेळच नव्हती. पण १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे स्वतःचे आईवडील आणि बहीण अन्नावाचून गेले होते. दुष्काळात रस्त्यावर पडलेली मुलगी त्यांना अनोळखी कशी वाटणार?

रमाबाईंनी आपल्या साक्षीत लिहिलं आहे की ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचं चरित्र, चायना इनलँड मिशनची हकिकत आणि जॉन पेटन यांचं चरित्र वाचून त्यांच्या मनात विचार सुरू झाला: हिंदुस्थानात असा विश्वास ठेवून काम करता येईल का? म्युलर यांनी १८३६ मध्ये अनाथांसाठी पहिलं घर उघडलं. पुढे त्यांच्या संस्थेने दहा हजारांहून जास्त मुलं सांभाळली. त्यांचा नेम असा की गरज माणसाला सांगायची नाही, देवाला सांगायची, आणि कर्ज काढायचं नाही. हे सगळे सांगतात. पण आलेल्या बारीकसारीक देणग्याही ते नोंदवत आणि दरवर्षी अहवाल छापत, हे क्वचितच कोणी सांगतं. मला त्यांच्या विश्वासाइतकंच त्यांच्या वहीचं अप्रूप आहे. रमाबाईंचंही तसंच. केडगावला त्यांनी जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली, हातमाग बसवले, छापखाना घातला. प्रार्थना करणाऱ्या बाईंनी संत्री-लिंबांची बाग लावावी यात मला विसंगती दिसत नाही. ज्याच्यावर भरवसा आहे त्याने दिलेली माती पडीक ठेवायची नसते.

एका बाबतीत मात्र मी म्युलर यांच्या मागे जात नाही. गरज माणसाला सांगायची नाही, हे सिलतऱ्यात चालणार नाही. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी करिंथकरांकडे उघड मागितलं, आणि पैसे पोचवताना सोबत विश्वासू भाऊ दिले, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. मागणी उघड आणि वही उघडी, ही पौलाची रीत मी धरली आहे. आमच्या लेबर लाइनीत कोणाच्या घरी चूल पेटली नाही ते शेजारच्या भिंतीला कळतं. ते लपवून फक्त देवाच्या कानात सांगणं म्हणजे शेजाऱ्याची देण्याची संधी काढून घेणं, असं मला वाटतं.

एका वर्षी सभागृहाच्या पत्र्यांसाठी आम्ही पैसे साठवले होते. पावसाळा तोंडावर आला होता. तेवढ्यात आमच्यातल्या एका ठेका मजुराचा हात भाजला. भरपाईची कागदपत्रं पुढे सरकेपर्यंत त्याच्या घरात एक रुपया येणार नव्हता. पत्र्याची रक्कम समोरच होती. मंडळीचे काही वडील म्हणाले, उचला, पत्रे देव नंतर देईल. मी अडून बसलो. पैसे त्या भावालाच मिळावेत असं मलाही वाटत होतं, पण ज्यांनी ते पत्र्यांसाठी म्हणून दिले त्यांच्या शब्दाला न विचारता हात घालायचा नव्हता. विश्वासाच्या नावाखाली सर्वांत जास्त मोडला जातो तो हाच नियम, आणि मंडळ्या फुटतात त्याही यावरूनच. रविवारी उपासनेनंतर मी वही घेऊन उभा राहिलो. किती आहे, कशासाठी आहे, घरात किती माणसं आहेत, सगळं वाचून दाखवलं. ज्यांनी दिलं होतं त्यांनी हात वर केले. त्या पावसाळ्यात छप्पर गळलं आणि आम्ही दऱ्या कोरड्या बाजूला ओढून बसलो. त्या घरात मुलं जेवली. पत्रे पुढच्या वर्षी बसले, नेहमीच्याच दहा-वीसच्या काळ्या नोटांमधून. कोणी अनोळखी दाता आला नाही, कुठून मनीऑर्डर आली नाही. देवाने पुरवलं, असंच मी म्हणतो, आणि म्हणताना चाचरत नाही.

वही उघडण्यापूर्वी आम्ही दोघं प्रार्थना करतो. ती केल्यावर मला आकड्याची भीती वाटत नाही, म्हणून तो मोठ्याने वाचता येतो. हिशेब लपवावासा वाटतो तो बहुतेक वेळा भीतीनेच. चोरीपेक्षा भीतीने बिघडलेल्या वह्या जास्त असतात.

आणखी एक गोष्ट मी जपतो, आणि ती मला लक्ष्मीबाई टिळकांनी शिकवली. इथून फार लांब नाही राजनांदगाव. लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड टिळक, तेव्हाचे नुसते नारायण वामन टिळक, त्या संस्थानात नोकरीला निघाले असताना नागपूर-राजनांदगाव गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची सभा मांडायला निघाले. रायपूर स्टेशनावर मुंबईकडची गाडी लागली की मला तो डबा आठवतो. टिळकांचा विश्वास फार मोठा. हातात आलेलं देऊन टाकणारा माणूस. पण लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना माझं लक्ष पुनःपुन्हा चुलीकडे जातं. ते देत होते तेव्हा डब्यात काय उरलं, हे लक्ष्मीबाईंना पाहावं लागत होतं. दाराशी आलेल्याला जेवू घालायला त्यांची ना नव्हती. पोरकी मुलं त्यांनीही पदराखाली घेतली. पण एकाने केलेल्या त्यागाचं बिल दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात येतं, हे त्या पुस्तकाने मला जन्मभरासाठी दाखवलं.

म्हणून आमच्या वहीत खर्चाच्या बाजूला पहिली ओळ पाळकांच्या मानधनाची असते. भाडं आणि वीज त्यानंतर. पाळकांना ‘तुम्ही विश्वासाने राहा’ असं सांगून महिना पुढे ढकलणाऱ्या मंडळ्या मला माहीत आहेत, आणि त्यांचा मला मनापासून राग येतो. विश्वासाने राहायचं तर सगळ्यांनी. भट्टी बंद असलेल्या महिन्यात कपात करायचीच असेल तर पाळकीणबाईंना विचारल्याशिवाय ती ठरत नाही. पाळक ‘चालेल’ म्हणतात, त्या आकडा सांगतात.

पैशाच्या जोडीला तांदळाचा डबा आहे. मिझोरामच्या ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाला बसताना तांदळाची एक मूठ देवासाठी बाजूला काढतात. ‘बुहफाई थाम’ म्हणतात त्याला. गेलं शतकभर तिथल्या मंडळ्यांची कितीतरी कामं त्या मुठीवर उभी राहिली आहेत. छत्तीसगढला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. इथे पौष पौर्णिमेच्या छेरछेरा सणाला मुलं दारोदार धान मागतात आणि गरिबाचं दारही रिकामं पाठवत नाही. आमच्या बायांनी डबा सुरू केला तेव्हा एका म्हाताऱ्या आजीने आणलेली मूठ मी पाहिली. पदराच्या गाठीत बांधून आणलेले रेशनचे तांदूळ, थोडी कणी, एक-दोन खडे. तिने खडे तिथेच निवडून बाजूला काढले, मग तांदूळ डब्यात सोडले. मी वहीत तांदळाचं वजन लिहितो. तिच्यासाठी वेगळी ओळ नसते.

आता जांजगीरकडची एक मुलगी माझ्या हाताखाली हिशेब शिकते आहे. बीकॉम झालेली, हाताने चोख. तिचं म्हणणं, काका, तीन महिन्यांचा खर्च तरी राखून ठेवायला हवा. मी तिला मान्न्याची गोष्ट काढून दाखवली: रानात इस्राएल लोकांनी सकाळपर्यंत राखून ठेवलं त्यात किडे पडले. तिने उत्पत्तीचा एकेचाळिसावा अध्याय उघडला. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा कोठारांत भरला, म्हणून मिसर वाचला, आणि तेही देवानेच सांगितलं होतं. बराच वेळ आम्ही बोललो. तिचा मुद्दा मला पटला नाही असं मी म्हणू शकलो नाही, पण तीन महिन्यांची ठेव साठलेली मंडळी दाराशी आलेल्या माणसाला कशी विचारपूस करायला लागते, तेही मी पाहिलेलं आहे. शेवटी ठरलं ते असं: दर महिन्याच्या दानातला पाचवा हिस्सा ‘भट्टीबंदी’ या नव्या रकान्यात टाकायचा, तो फक्त हजेरी बंद झालेल्या घरांच्या किराण्याला वापरायचा, आणि नाताळपर्यंत जे उरेल ते वाटून वर्ष शून्यावर बंद करायचं. रकाना तिने आखला. शून्याची अट माझी. पहिली बंदी दिवाळीनंतर येईल असं कारखान्यात बोललं जातं आहे.