नातीसाठी बंदूक

नोव्हेंबरात विस्कॉन्सिनला जाणाऱ्या माणसाला एक गोष्ट आधी सांगून ठेवावी, म्हणजे तो माझ्यासारखा गोंधळणार नाही. गेल्या वर्षी 'थँक्सगिव्हिंग'च्या आधीच्या शनिवारी मी भल्या पहाटे मॅडिसनहून मुलीच्या मोटारीतून निघालो, तर पेट्रोलपंपावर, खाणावळीत, रस्त्याकडेला, जिकडेतिकडे झगझगीत नारिंगी कपडे घातलेली माणसे! आषाढीच्या वारीतल्या साऱ्या पताका कुणी उचलून अमेरिकेत आणल्या आहेत की काय, असे क्षणभर वाटले.

ही वारी हरणांच्या शिकारीची होती. बंदुकीने हरिण मारण्याचा इथला मुख्य हंगाम नऊ दिवसांचा. त्या नऊ दिवसांत काही लाख माणसे रानात शिरतात. एकाने दुसऱ्यालाच हरिण समजू नये म्हणून शिकाऱ्याचे कमरेवरचे निदान अर्धे कपडे नारिंगी हवेत, असा कायदा आहे. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो.

मी निघालो होतो तो मात्र एका बारा वर्षांच्या मुलीसाठी. तिची बंदूक माझ्यादेखत निवडली गेली होती आणि त्या दिवशी ती बंदूक प्रथमच रानात जाणार होती.

मॅडिसनपासून तासाभराच्या वाटेवर बाराबू नावाचे गाव आहे. त्याच्या आसपासच्या टेकड्यांत माझ्या मुलीच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची मक्याची आणि सोयाबीनची शेती आहे. वयाने तो माझ्याच बरोबरीचा. दोघेही आजोबा, दोघांचेही गुडघे दुखतात. मैत्री जमायला एवढे पुरले.

एकदा मी त्याला सरळच विचारले, "एवढी गोजिरवाणी जनावरं, मारता कशाला?"

तो मला शेताच्या कडेला घेऊन गेला. पहिल्या पाच-सात ओळींतली कणसे कुरतडलेली होती. पलीकडच्या रानात ओकची कोवळी रोपे गुडघ्याच्या वर वाढलेली दिसेनात. "या भागातले लांडगे आमच्या वाडवडिलांनी केव्हाच संपवले," तो म्हणाला, "त्यांचं काम आता आमच्या गळ्यात पडलं आहे."

इथून जवळच, विस्कॉन्सिन नदीच्या काठी, आल्डो लिओपोल्ड यांची लाकडी झोपडी आहे. लिओपोल्ड हे मॅडिसनच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. निसर्गरक्षणाचा विचार अमेरिकेला शिकवणारे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९४९ साली, निघाले. हा निसर्गप्रेमी माणूस स्वतः शिकारी होता, आणि हरणे फार वाढली म्हणजे आपलेच रान खाऊन उपाशी मरतात, तेव्हा ती कमी केली पाहिजेत, असे १९४० च्या दशकात त्याने सांगितले, तेव्हा इथलेच लोक त्याच्यावर खवळले होते. आज त्याच गावांत आजोबा नातवंडांना शिकार शिकवतात.

माझ्या मित्राच्या नातीने उन्हाळ्यात सरकारी सुरक्षा-शिक्षणाचा वर्ग पुरा केला होता. १९७३ पासून जन्मलेल्या कोणालाही साधारणपणे त्या प्रमाणपत्राशिवाय तिथे शिकारीचा परवाना मिळत नाही. वर्गात शिकवलेले चार नियम पोरगी परवचा म्हणावा तशी म्हणून दाखवी: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नळीचे तोंड नेहमी निर्धोक दिशेला ठेवायचे, सावज कोणते आणि त्याच्या पाठीमागे काय आहे याची खात्री करायची, आणि बार काढायची वेळ येईपर्यंत बोट चापापासून दूर ठेवायचे.

आता प्रश्न बंदुकीचा. आजोबांच्या मनात तो प्रश्नच नव्हता. वडिलांनी दिलेली 'थर्टी-ऑट-सिक्स' त्यांच्या कपाटात होती. अमेरिकन लष्कराने १९०६ साली स्वीकारलेले हे काडतूस; त्याने हरिणच काय, अस्वलही लोळते. घराण्याची बंदूक नातीच्या हाती द्यायची, ही म्हाताऱ्याची हौस. तिची दुर्बीण तेवढी साफ करून घ्यावी म्हणून आम्ही तिघे तालुक्याच्या गावातल्या बंदुकांच्या दुकानात गेलो.

दुकानाची मालकीण पन्नाशीची, लहान मुलांना नेमबाजी शिकवणारी. तिने एकदा बंदुकीकडे पाहिले, एकदा पोरीच्या खांद्याकडे. वाद काही घातला नाही. "मागे माझं मैदान आहे. चार बार काढून बघू या," एवढेच म्हणाली.

मैदानात पन्नास यार्डांवर तिने जेवणाची साधी कागदी थाळी टांगली. हरणाच्या काळजा-फुप्फुसाची जागा साधारण तेवढीच. आम्ही सर्वांनी कानांत बोळे घातले आणि वर कान झाकणारी टोपणे चढवली. रायफलीचा एक आवाजसुद्धा कान कायमचा अधू करू शकतो आणि तसा अधू झालेला कान पुन्हा सुधारत नाही.

पहिली गोळी थाळीत लागली. पोरीने ओठ दाबून धरले. दुसरी थाळीच्या कडेला. तिसऱ्या वेळी मालकिणीने तिच्या नकळत आत पोकळ, बिनदारूचे काडतूस भरले. पोरीने चाप ओढला. नुसते 'खट्' झाले. पण धक्का नसतानाही नळी वीतभर खाली गेली, खांदा पुढे आला, आणि पोरीचे डोळे गच्च मिटलेले होते.

"पाहिलंत?" मालकीण म्हाताऱ्याला म्हणाली. "हात चांगला आहे तिचा. पण अंग धक्क्याची वाट पाहतंय. अशा वेळी गोळी हरणाच्या पोटात जाते नाहीतर पायात."

म्हातारा काही बोलला नाही. मीही बोललो नाही. पण माझे कारण निराळे होते. ते पुढे सांगतो.

मग तासभर त्या बाईने आम्हाला जे समजावले ते थोडक्यात असे. गोळी आणि दारूचा वायू जितक्या जोराने पुढे जातो, त्या हिशेबाने बंदूक मागे येते. हा धक्का फूट-पौंडांत मोजतात. आठ पौंडांच्या 'थर्टी-ऑट-सिक्स'चा धक्का वीसच्या आसपास. तेवढ्याच वजनाच्या 'टू-फॉर्टी-थ्री'चा नवाच्या आसपास. विंचेस्टर कंपनीने १९५५ साली काढलेल्या या काडतुसाची गोळी साडेसहा ग्रॅमची असते आणि शंभर यार्डांवरच्या हरणाला ती पुरून उरते. आणखी दोन काडतुसे तिने दाखवली: १९८० सालचे 'सेव्हन-एमएम-ओ-एट' आणि २००७ सालचे 'सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमूर'. त्यांचा धक्का थोडा जास्त, पण तोही मुलांना सोसण्यासारखा.

म्हाताऱ्याने मग सर्वांत हलकी बंदूक उचलली. पोरीला पेलायला बरी, असा त्याचा विचार. मालकिणीने मान हलवली. काडतूस तेच असले तर हलकी बंदूक जास्त मारते. फार जड घेतली तर पोरीचे हात थरथरणार. मधला तोल साधायचा. दस्ता प्रौढांच्या मापाहून इंचभर आखूड हवा, पाठीशी जाड रबराची गादी हवी. पोर वाढेल तशी दस्त्यात फळी घालून लांबी वाढवता येते. दस्ता लांब असला की मूल मान पुढे काढते आणि दुर्बिणीची कडा भुवईवर बसून चंद्रकोर उमटते. नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारे टोपण मिळते, पण त्याने आवाज इतका वाढतो की एका दुखण्याच्या जागी दुसरे.

शेवटी आखूड दस्त्याची एक साधी बोल्टची 'टू-फॉर्टी-थ्री' ठरली. "ही ऑक्टोबरअखेर कपाटात," मालकीण म्हणाली. "तोवर 'पॉइंट टू-टू'. तिला धक्का जवळजवळ नाहीच. चाप हळू कसा दाबायचा ते तिच्यावर शिकू दे."

आता माझे कारण. १९६७ साली मीही बारा वर्षांचा होतो. आजोळ संगमेश्वराकडचे. मामांकडे दुनळी बाराबोर होती, रानडुकरांपासून शेत राखायला. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अजून यायचा होता. मामांनी एके दिवशी ती माझ्या हाती दिली. दस्ता इतका लांब की मी तो काखेत धरला. बार निघाला आणि मी मागच्या मागे बसलो. सारे हसले. आजीने खांद्याला हळदीचा लेप लावला. आठ दिवसांनी हाका झाला तेव्हा मला पुन्हा उभे केले. समोरच्या गवतात एक भेकर आले, थांबले. मला भेकराची भीती नव्हती, खांद्याची होती. मी डोळे मिटले आणि चाप ओढला.

पानांवर रक्ताचे थेंब होते. पऱ्ह्यापर्यंत ते दिसले, मग अंधार पडला. मामा एवढेच म्हणाले, "घरी सांगू नकोस." घरी आम्ही नेम चुकला म्हणून सांगितले. त्यानंतर इतकी वर्षे मी तसेच सांगत आलो.

शनिवारी त्या पहाटे मी शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात त्याच्या बायकोबरोबर बसलो होतो. आजोबा आणि नात अंधारातच मचाणावर गेले होते. उजाडल्यावर दूरच्या टेकड्यांतून बार ऐकू येऊ लागले. सात वाजून गेल्यावर आमच्या बाजूने एक बार आला. आजीबाईंनी हातातला पेला खाली ठेवला. "दुसरा ऐकू येऊ नये, एवढंच," त्या म्हणाल्या. आम्ही वाट पाहिली. दुसरा आला नाही. पण पहिला लागला की नाही, हेही कळेना. अर्ध्या तासाने फोन आला: "या."

ओकच्या पाचोळ्यात हरणाची मादी पडली होती, गोळी लागल्यापासून चाळीस पावलांवर. म्हाताऱ्याने हळूच सांगितले, की आधी एक मोठा शिंगाळू नर टेकडीच्या माथ्यावर आला होता. पण त्याच्या मागे मोकळे आभाळ होते, म्हणून पोरीने बंदूक उचललीच नाही. हे सांगताना त्याचा चेहरा मादीपेक्षा त्या न मारलेल्या नराने जास्त खुललेला होता.

पोरगी हरणाच्या मानेवर हात ठेवून बसली होती. डोळे ओले होते. मी विचारले, "खांदा दुखला का?"

"धक्का बसला होता का?" तिने उलट मलाच विचारले.

दुपारी हरणाचे डोके तपासणीसाठी नेऊन दिले. हरणांचा एक असाध्य मेंदूरोग २००२ पासून या राज्यात आढळतो. तपासणीचा निकाल येईपर्यंत मांस शीतपेटीतच ठेवायचे. वाटेत मोटारीत ती माझ्याशेजारी बसली होती. एकाएकी म्हणाली, "आजोबा, तुम्ही कधी हरिण मारलंय?"

'नेम चुकला' हे शब्द तोंडाशी आले होते. मी ते गिळले, आणि भेकराची सगळी हकिगत सांगितली: काखेतला दस्ता, मिटलेले डोळे, पानांवरचे रक्त, पऱ्ह्या.

ती बराच वेळ बाहेर पाहत होती. मग तिने विचारले, "तुम्हाला आधी कुणी कागदाची थाळी लावून दिली नव्हती?"

"नाही," मी म्हटले.